संगणकाच्या पडद्यावरील अर्ज : मांडणी आणि तपासणी

कागदावरील छापील अर्ज भरताना नाव रकान्यात मावले नाही, तर माणूस ते समासात लिहितो. जन्मतारीख नक्की ठाऊक नसेल, तर कारकून शेजारी ‘अंदाजे’ असा शेरा मारतो. कागद हे सारे निमूटपणे स्वीकारतो. संगणकाच्या पडद्यावरील अर्ज मात्र तसे करीत नाही. अर्ज तयार करणाऱ्याने जेवढी जागा ठेवली असेल तेवढीच जागा मिळते आणि त्याने जे मान्य केले असेल तेच लिहिता येते. त्यामुळे असा अर्ज तयार करणाऱ्याची जबाबदारी छापखान्यापेक्षा अधिक असते.

पूर्वी ही कामे मोठ्या कार्यालयांतील तज्ज्ञांकडे असत. आता तशी स्थिती राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक टप्प्याच्या आधीपासूनच संगणकाची आज्ञावली लिहिण्याच्या उपक्रमांचा समावेश सुचविण्यात आला आहे. गावोगावचे शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि कार्यालयांतील होतकरू कर्मचारी वाचनालयाची, शाळेची किंवा सहकारी संस्थेची नोंदवही संगणकावर आणण्यासाठी लहान लहान आज्ञावली, म्हणजेच प्रोग्राम, स्वतः लिहू लागले आहेत. या कामात नवशिक्याला ज्या अडचणी हटकून येतात, त्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. पहिली मांडणीची, म्हणजे पडद्यावर चौकटी कोठे व कशा बसवाव्यात याची, आणि दुसरी तपासणीची, म्हणजे भरलेली माहिती योग्य आहे की नाही हे कसे ठरवावे याची.

एक नेहमीचे उदाहरण

समजा, गावच्या सेवा सहकारी संस्थेची सभासद नोंदवही संगणकावर घ्यावयाची आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने हे काम अंगावर घेतले. नाव, जन्मतारीख, गाव, पिन क्रमांक, दूरध्वनी, बँक खात्याचा क्रमांक, जमिनीचा सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्र एवढी माहिती हवी आहे. त्याने निवडलेली भाषा आहे ‘पायथॉन’. ही भाषा नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रोसम यांनी तयार केली व १९९१ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळते. पडद्यावर खिडक्या, चौकटी व बटणे काढण्यासाठी ‘टीकेइंटर’ नावाचे साधन बहुधा तिच्यासोबतच येते. पुढील विवेचन या साधनास धरून केले असले, तरी त्यातील तत्त्वे इतर भाषांतील कामासही लागू पडतात.

मांडणीच्या अडचणी

नवशिका सहसा प्रत्येक चौकट मोजून मापून बसवितो. डावीकडून इतके ठिपके, वरून इतके ठिपके, असा हिशेब तो देतो. टीकेइंटरमध्ये या पद्धतीला ‘प्लेस’ म्हणतात. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संगणकावर अर्ज नीटनेटका दिसतो. संस्थेच्या कार्यालयातील संगणकाचा पडदा मात्र लहान असतो, किंवा सचिवांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तेथे अक्षरांचा आकार वाढविलेला असतो. मग अक्षरे एकमेकांवर चढतात आणि ‘जतन करा’ हे बटण पडद्याच्या खाली निघून जाते. देवनागरीत ही अडचण अधिक जाणवते. अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार येत असल्याने उंचीचे माप आखडते घेतल्यास रफार कापला जातो किंवा उकार नाहीसा होतो.

यावर उपाय म्हणजे ठिपक्यांचा हिशेब सोडून देऊन ओळी व रकाने यांची भाषा वापरणे. या पद्धतीस ‘ग्रिड’ म्हणतात. पहिल्या रकान्यात मजकूर, दुसऱ्यात चौकट. पहिल्या ओळीत नाव, दुसरीत जन्मतारीख. प्रत्येक ओळीस किती उंची लागेल हे संगणक अक्षराच्या आकारावरून स्वतः ठरवितो. खिडकी मोठी केली असता चौकट रुंदावत नाही, अशी तक्रार येथे नेहमी ऐकू येते. तिचे कारण साधे आहे. रकान्याला ‘वेट’, म्हणजे वाढीव जागेतील वाटा, दिलेला नसतो. न सांगितल्यास तो शून्य धरला जातो. शिवाय चौकटीने आपल्या घराच्या दोन्ही कडांना चिकटून राहावे, हे ‘स्टिकी’ या सूचनेने सांगावे लागते. दोन्ही सूचना एकत्र दिल्या तरच चौकट रुंदावते.

दुसरी पद्धत ‘पॅक’ ही एकाखाली एक किंवा एकाशेजारी एक वस्तू रचण्याची आहे. एकाच खिडकीत काही वस्तू पॅकने आणि काही ग्रिडने बसविल्यास आज्ञावली चूक दाखवून थांबते. जुन्या आवृत्त्यांत तर खिडकी गोठून जात असे. दोन्ही पद्धती हव्या असतील तर वेगवेगळे उपविभाग, म्हणजे ‘फ्रेम’, करावेत आणि एका उपविभागात एकच पद्धत ठेवावी.

तिसरी चूक अगदी लहान असून तिच्यापायी नवशिक्याचे तास वाया जातात. चौकट निर्माण करणे आणि ती जागेवर बसविणे ही दोन्ही कामे तो एकाच ओळीत लिहितो व त्या ओळीचे फळ एका नावाखाली ठेवतो. परंतु बसविण्याच्या आज्ञेचे फळ काहीच नसते. परिणामी त्या नावाखाली चौकट न राहता ‘नन’, म्हणजे रिक्तता, राहते. पडद्यावर चौकट दिसते. पण तिच्यातील मजकूर वाचावयास गेल्यास आज्ञावली अडते. प्रथम चौकट निर्माण करून तिला नाव द्यावे आणि पुढील ओळीत ती बसवावी, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

चौथी गोष्ट क्रमाची. नोंद करणारा कर्मचारी ‘टॅब’ ही कळ दाबत एका चौकटीतून दुसरीत जातो. त्याची नजर कागदावर असते. ज्या क्रमाने चौकटी निर्माण केल्या, त्याच क्रमाने टॅब पुढे सरकतो. विसरलेली चौकट आज्ञावलीच्या शेवटी लिहून पडद्यावर दुसऱ्या ओळीत बसविली, तर टॅब तिला वगळून पुढे जातो आणि गावाच्या जागी दूरध्वनी पडतो. म्हणून आज्ञावलीतील क्रम व पडद्यावरील क्रम एकच असावा आणि पडद्यावरील क्रम मूळ कागदी अर्जाप्रमाणे असावा.

अंक दिसला म्हणजे संख्या नव्हे

चौकटीतून संगणकाला जे मिळते ते नेहमी मजकूर असते. त्याची संख्या करावयाची तर ‘इंट’ ही आज्ञा द्यावी लागते. चौकट रिकामी असेल किंवा तीत अक्षर असेल, तर ही आज्ञा ‘व्हॅल्यूएरर’ नावाची चूक उपस्थित करते. यातील खरा धोका असा की, टीकेइंटरमध्ये बटण दाबल्यानंतर आलेली चूक पडद्यावरील अर्जात दिसत नाही. तिची नोंद मागील काळ्या खिडकीत होते आणि ती खिडकी कार्यालयात बहुधा उघडी नसते. कर्मचारी ‘जतन करा’ हे बटण दाबतो, काहीच घडत नाही आणि नोंद झाली अशी त्याची समजूत होते. सभासदाचे नाव यादीत नाही हे सहा महिन्यांनी, कर्जमंजुरीच्या वेळी कळते. यास्तव अशी चूक जेथे संभवते तेथे ती आज्ञावलीतच पकडावी व माणसाला कळेल अशा शब्दांत सांगावी. त्याचप्रमाणे नोंद खरोखर झाल्यावर ‘नोंद क्रमांक अमुक जतन झाली’ असे स्पष्टपणे दाखवावे.

परंतु प्रत्येक अंकमय माहितीची संख्या करणे हीदेखील चूक होय. ज्याची बेरीज-वजाबाकी होते ती संख्या. जे केवळ ओळखण्यासाठी असते ते मजकूर. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि त्याची संख्या केली, तर पुढील शून्ये गळून पडतात आणि पैसे त्या खात्यात जाऊ शकत नाहीत. सर्व्हे क्रमांकाचेही तसेच. गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्व्हे क्रमांकासोबत उपविभाग असतो. ‘४५/३-अ’ या नोंदीला संख्येच्या चौकटीत स्थान मिळत नाही आणि कर्मचारी नाइलाजाने नुसते ४५ लिहितो. त्या एका कृतीने एका शेतकऱ्याची जमीन शेजाऱ्याच्या जमिनीत मिसळते.

पिन क्रमांक हे याचे उत्तम उदाहरण आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणचे सुपुत्र व संस्कृतचे विद्वान होते. पिन क्रमांकात ६ अंक असतात व पहिला अंक शून्य नसतो. एवढी तपासणी योग्य आहे. गोव्याचे पिन क्रमांक ४०३ ने सुरू होतात म्हणून ‘४०३ नसेल तर नाकारा’ असा नियम घालणे मात्र अयोग्य होय. सभासद नोकरीनिमित्त बेळगावात राहत असेल तर त्याचा क्रमांक ५९० ने, आणि वडोदऱ्यात असेल तर ३९० ने सुरू होईल.

देवनागरी अंकांचा प्रश्नही येथेच उद्भवतो. पायथॉनची ‘इंट’ ही आज्ञा देवनागरी अंक बिनदिक्कत स्वीकारते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पिन क्रमांक मजकूर म्हणून ठेवला आणि एकाने देवनागरीत व दुसऱ्याने भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपात लिहिला, तर शोध घेताना संगणकाला ते दोन निराळे क्रमांक वाटतात. लिहिण्याची मोकळीक दोन्ही प्रकारे द्यावी आणि जतन करताना सर्वांचे एका रूपात रूपांतर करावे. तसेच ‘हा अंक आहे काय’ असे विचारण्यासाठी ‘इझडिजिट’ऐवजी ‘इझडेसिमल’ ही आज्ञा वापरावी. पहिली आज्ञा वर्ग दाखविणारा वर चढविलेला लहान दोनही अंक म्हणून मान्य करते आणि पुढे ‘इंट’ त्यावर अडते.

एकर-गुंठ्यांचा दशांश

क्षेत्राच्या चौकटीत याहून गंभीर चूक होऊ शकते. गोव्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये नोंदले जाते. पण बेळगाव भागात एकर व गुंठे चालतात. १ एकर म्हणजे ४० गुंठे. तेथील शेतकरी ‘१-२०’ असे लिहितो तेव्हा त्याचा अर्थ १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर असा असतो. आज्ञावलीत एकच दशांशी चौकट असेल तर कर्मचारी १.२० लिहितो आणि संगणक ते १ एकर ८ गुंठे समजतो. १२ गुंठे, म्हणजे सुमारे १,२१४ चौरस मीटर जमीन कोणाच्याही लक्षात न येता नाहीशी होते. संगणकाने येथे चूक दाखविण्याचे कारणच नसते, कारण १.२० ही संख्या म्हणून पूर्णतः योग्य आहे. अशा वेळी एकरासाठी एक व गुंठ्यांसाठी एक अशा दोन चौकटी ठेवाव्यात, पूर्ण गुंठ्यांच्या चौकटीत ० ते ३९ एवढेच मान्य करावे आणि खाली ‘एकूण क्षेत्र : दीड एकर’ असे वाचून दाखवावे. योग्य मांडणीमुळे तपासणीचे निम्मे काम आपोआप होते, ते असे.

कमल चालते, कमला चालत नाही

नावात अंक किंवा भलती चिन्हे येऊ नयेत म्हणून नवशिका ‘इझअल्फा’ ही आज्ञा वापरतो. ‘सर्व चिन्हे अक्षरेच आहेत काय’ असे ती विचारते. तिच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार व हलन्त ही अक्षरे नव्हेत. त्यामुळे ‘कमल’ हे नाव स्वीकारले जाते आणि ‘कमला’ हे नाव नाकारले जाते. रोमन लिपीत नाव लिहिले तरी अडचण सुटतेच असे नाही. गोव्यातील डिसोझा, डिकॉस्टा यांसारख्या आडनावांत ‘डी’नंतर वर एक स्वल्पविरामासारखे चिन्ह येते व तेही नाकारले जाते. ते स्वीकारले, पण माहिती-संचयाकडे पाठवावयाची आज्ञा शब्दांना शब्द जोडून तयार केली असेल, तर त्याच चिन्हापाशी ती आज्ञा तुटते. त्यासाठी आज्ञेत जागा मोकळ्या सोडून माहिती स्वतंत्रपणे पुरविण्याची पद्धत उपलब्ध आहे. तीच नेहमी वापरावी.

लांबीची मर्यादाही विचारपूर्वक घालावी. ‘म्हापसा’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या युनिकोड मोजणीत तो ७ चिन्हांचा असतो आणि साठवणीच्या प्रचलित पद्धतीत २१ बाइट जागा घेतो. इंग्रजी नावांवरून ठरविलेली २० बाइटची मर्यादा या एका शब्दालाही पुरत नाही. तसेच ‘कुऱ्हाडे’ या नावातील ‘ऱ’ दोन प्रकारे टंकित होऊ शकतो : एकसंध, किंवा ‘र’ व खालचा नुक्ता मिळून. दिसण्यात भेद नसतो. शोधात मात्र एक सापडतो व दुसरा सापडत नाही. जतन करण्यापूर्वी ‘नॉर्मलाइझ’ या आज्ञेने सर्व मजकूर एकरूप करून घेतल्यास ही अडचण दूर होते.

तपासणी केव्हा करावी

काहीजण प्रत्येक कळ दाबताच तपासणी करतात. वय १८ ते १०० हवे असा नियम घातला आणि माणसाने ४५ लिहिण्यासाठी ४ दाबला, की ४ हे १८ पेक्षा कमी म्हणून नाकारले जाते. वय लिहिताच येत नाही. रिकामी चौकट अमान्य केल्यास चुकीचा शेवटचा अंक खोडताही येत नाही. कळ दाबताना केवळ ‘अंक आहे की नाही’ एवढेच पाहावे आणि चौकट रिकामी होऊ द्यावी. मर्यादेची तपासणी चौकट सोडताना करावी. दोन चौकटींचा परस्परसंबंध जतन करताना पाहावा. टीकेइंटरमध्ये तपासणीच्या आज्ञेने ‘खरे’ किंवा ‘खोटे’ असे उत्तर दिलेच पाहिजे. ते न दिल्यास ती तपासणीच बंद पडते व ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

चूक सांगतानाही विवेक हवा. ‘अवैध माहिती’ हे शब्द कोणालाच मदत करीत नाहीत. ‘पिन क्रमांकात ६ अंक हवेत, ५ लिहिले आहेत’ हे वाक्य मदत करते. ते त्या चौकटीशेजारीच यावे, केवळ लाल रंगावर विसंबू नये आणि एका चुकीपायी बाकीचा भरलेला अर्ज पुसला जाऊ नये.

कडक तपासणी म्हणजे खरी नोंद नव्हे

मराठी मुलखात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे पुष्कळ आढळतात. पूर्वी शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ही तारीख लिहीत. रकाना भरणे भाग होते, म्हणून तो भरला गेला. संगणकावरील सक्तीची चौकट हेच अधिक वेगाने घडवून आणते. दूरध्वनी नसलेल्या वृद्धेच्या नावापुढे दहा वेळा ९ लिहिला जातो. आडनाव न लावणाऱ्याच्या पुढे टिंब पडते. तपासणी समाधानी होते आणि नोंद खोटी होते.

म्हणून तपासणीचे नियम ठरविताना तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात. जे अशक्य आहे ते थांबवावे : २०२३ सालची २९ फेब्रुवारी, उद्याची जन्मतारीख, ४५ गुंठे. जे असंभाव्य आहे ते विचारावे : वय १०४ असल्यास ‘हे बरोबर आहे काय?’ असे विचारून होकार मिळताच नोंद घ्यावी. आणि जे केवळ अपरिचित आहे ते स्वीकारावे : एकच शब्दाचे नाव, परगावचा पिन, उपविभागाचे वेगळे चिन्ह. जन्मतारखेशेजारी ‘अंदाजे’ आणि दूरध्वनीशेजारी ‘नाही’ अशी खूण करण्याची सोय ठेवली, तर कागदाच्या समासातील सोय पडद्यावरही मिळते.

अखेरची परीक्षा

अर्ज तयार झाल्यावर त्याची परीक्षा तो लिहिणाऱ्याने एकट्याने करू नये. कोठे काय लिहावयाचे हे त्याला आधीच ठाऊक असते. संस्थेत रोज नोंदी करणाऱ्या कर्मचाऱ्याला समोर बसवावे, जुन्या वहीतील वीस खऱ्या नोंदी त्याच्याकडून भरून घ्याव्यात आणि तो अडतो तेथे त्याला मदत न करता ते ठिकाण लिहून ठेवावे. अक्षरे मोठी करून, लहान पडद्यावर, माऊस बाजूला ठेवून केवळ टॅबच्या कळीने अर्ज भरून पाहावा. वहीतील सर्वांत लांब नाव, सर्वांत विचित्र सर्व्हे क्रमांक आणि सर्वांत कमी माहिती असलेला सभासद हे तीन अर्जात नीट बसले, तर बहुतेक बाकीचेही बसतील.

शाळांतून आज्ञावली शिकविणाऱ्या शिक्षकांनी हा पाठ विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष गावातील वहीवर करून घ्यावा. ‘कमला’ या नावास संगणक का अडला, हे ज्या विद्यार्थ्याने एकदा शोधून काढले, तो पुढे मोठ्या कार्यालयाची आज्ञावली लिहितानाही खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला विसरणार नाही.